केशव रिसबूड लडाखला निघतात

लोणावळ्यात घर असलेल्या माणसाला आपले नातेवाईक नेमके किती, हे मरेपर्यंत कळत नाही. दर पावसाळ्यात एखादा नवा निघतोच. "ओळखलं नाहीत? अहो, तुमच्या आजीच्या मावसबहिणीचा मी नातू," असं म्हणत तो दारात छत्री झटकतो, आत येऊन सोफ्यावर बसतो आणि स्वयंपाकघराच्या दिशेने नाक वर करून म्हणतो, "वा! भजी वाटतं!" भजी नसतात. पण पाहुण्याने असं म्हटल्यावर करावीच लागतात.

केशवराव रिसबुडांच्या लोणावळ्यातल्या वलवणच्या घरात पंचवीसेक वर्षं हेच चाललं होतं. केशवराव तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर्स विभागात होते आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. स्टोअर्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला दोन सवयी लागतात. एक म्हणजे कुठलंही काम करण्याआधी त्याची तयारी करणं, आणि दुसरी म्हणजे खिडकीशी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत न पाठवणं. पहिल्या सवयीमुळे त्यांची बहुतेक कामं व्हायची नाहीत. दुसरीमुळे रजनीबाईंची व्हायची नाहीत. कारण केशवराव "या की, घर तुमचंच आहे" म्हणून मोकळे व्हायचे आणि कढई चढायची ती रजनीबाईंच्या हाताने. शिवाय जेवणं झाली की पाहुण्यांना टायगर पॉइंट, लोहगड, भुशी धरण दाखवून आणायचं कामही त्यांच्याकडेच. केशवरावांना गाडी येत होती, म्हणजे सपाटीवर येत होती. चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुढे काढायची वेळ आली की त्यांचे दोन्ही पाय एकमेकांना ओळखेनासे होत. ही गोष्ट घरात दोघांनाच ठाऊक होती आणि दोघंही त्यावर बोलत नसत.

तर गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी, केशवरावांचा पुण्याचा आतेभाऊ सुहास सात माणसं घेऊन आलेला असताना, रजनीबाई चौथा घाणा काढून बाहेर आल्या, भिंतीला टेकल्या आणि मोबाइलवर काहीतरी बघत राहिल्या. उंच डोंगर, वळणावळणाचा रस्ता, खिंडीत फडफडणाऱ्या रंगीत पताका.

"अहो," त्या म्हणाल्या, "इथे जाऊ या का एकदा? जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, अशा ठिकाणी मला जायचंय."

एरवी केशवराव "बघू" म्हणाले असते. पण समोर पाहुणे होते, आणि पाहुण्यांसमोर कशालाच नाही म्हणायचं नाही हा तर घराचा नियम. "जाऊ की!" ते म्हणाले. "आपल्या गाडीने जाऊ. मी चालवीन."

रजनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्या इतक्या मनापासून हसल्या, आणि तिथेच केशवरावांचे परतीचे दोर कापले गेले.

आता पहिली अडचण निसर्गाची होती. हिमालयातल्या त्या खिंडी जूनच्या सुमारास उघडतात आणि थंडी पडली की मिटतात. लोणावळ्याचा सीझनही नेमका तेवढाच! म्हणजे लडाखचा रस्ता मोकळा होतो तेव्हा रिसबुडांचं घर भरतं, आणि घर रिकामं होतं तेव्हा तिकडे कमरेइतका बर्फ. पंचवीस वर्षं रजनीबाई कुठे का गेल्या नाहीत, याचं उत्तर एवढंच होतं. पण केशवरावांनी निर्धार केला, जुलैतले तीन आठवडे ठरवले आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं : 'आम्ही जुलैत लडाखला जात आहोत. घर बंद राहील. कृपया नोंद घ्यावी.'

नातेवाइकांनी नोंद घेतली. लडाखबद्दल एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी वाचलं ते एवढंच, की जुलैत तीन आठवडे लोणावळ्याचं घर रिकामं आहे.

"अरे वा! म्हणजे आम्ही निवांत येऊ शकतो, तुम्हाला त्रास नको," असा पहिला निरोप आला. "बंद घराला ओल धरते हो, कुणीतरी राहिलेलं बरं," असा दुसरा. एका भाच्याने तर किल्ली कुठे ठेवणार, एवढंच विचारलं. केशवराव खिडकीशी आलेल्याला परत पाठवत नसत हे मघाशी सांगितलंच. त्यांनी प्रत्येकाला वार वाटून दिले, वर गादीवरच्या चादरी कुठल्या कपाटात आहेत तेही कळवलं.

"म्हणजे आपण नसतानाही ते येणार?" रजनीबाईंनी विचारलं.

"आपण नसणार ना, मग आपल्याला काय त्रास?"

या युक्तिवादात काहीतरी खोट आहे असं रजनीबाईंना वाटलं. पण डोळ्यांसमोर पताका होत्या.

मग सल्ले सुरू झाले. सुहास एकदा बसने मनालीला जाऊन आला होता. सगळा घाट त्याने झोपेत पार केला होता, तरी घरात हिमालयाचा अधिकार त्याच्याकडे गेला. दर शनिवारी तो 'नियोजनाच्या बैठकीला' म्हणून सहकुटुंब येऊ लागला. बैठकीला भजी लागत.

"केशव, वर ऑक्सिजन नसतो," दुसऱ्या घाण्याला हात घालत तो म्हणाला. "शरीराला सवय करायला हवी. कमी श्वास घ्यायला शीक."

दुसऱ्या दिवसापासून केशवराव सकाळी फिरताना नाक्यापर्यंत नाक दाबून चालू लागले. नाक्यावरच्या गटाराचा हा निषेध आहे असं पाहणाऱ्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी दोन ज्येष्ठ नागरिक पाठिंबा म्हणून नाक दाबून मागे चालायला लागले. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या एका इच्छुक उमेदवाराने त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. गटार होतं तसंच राहिलं, पण केशवरावांना भोवळ येऊन ते रसवंतीच्या बाकावर बसले आणि श्वासाचा कार्यक्रम रजनीबाईंनी बंद पाडला.

सुहासची आई, म्हणजे भामाआत्या, ऐंशीच्या घरातल्या. "कापूर हुंगत जा रे. आणि लसूण खिशात ठेव. आणि तिथलं पाणी पिऊ नकोस," त्यांनी बजावलं. मग काय प्यायचं ते सांगितलं नाही. वलवणच्या नाक्यावरच्या पप्पू गॅरेजवाल्याने गाडीखाली शिरून पाहणी केली आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "इंजिन एकदम मक्खन आहे, काका. एक आवाज येतो मधूनच. पण तो कुठून येतो ते शोधत बसू नका. शोधला की वाढतो."

सगळ्यात शहाणी निघाली ती शेजारीण सविताताई. लोणावळा स्टेशनच्या तिकीटखिडकीत नोकरी करून निवृत्त झालेली ही बाई. आयुष्यभर लोकांना गावोगावची तिकिटं दिली आणि स्वतः फार तर कर्जतपर्यंत गेली. तिने एकही सल्ला दिला नाही. फक्त विचारलं, "मागची सीट रिकामी आहे का हो?" आणि बॅग भरून ठेवली.

आता केशवरावांच्या लायसन्सकडे येऊ. ते संपलं होतं. केव्हाच संपलं होतं. गाडी रजनीबाई चालवत असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. केशवराव संबंधित कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने दुसरीकडे पाठवलं. दुसऱ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी होती, आणि ती सुट्टी बहुधा नाश्त्यापासूनच सुरू झालेली असावी. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले, मग केशवरावांना पाहिलं, मग पुन्हा कागद पाहिले.

"फार दिवस झालेत. नव्याने चाचणी द्यावी लागेल."

"अहो, पण मला लडाखला जायचंय!"

"मग तर द्यायलाच हवी. आमच्या आवारात चढ आहे. चढावर गाडी थांबवायची, मागे न जाता पुढे काढायची. गाडी मागे गेली की नापास."

पंचवीस वर्षं झाकलेली गोष्ट सरकारने अशी एका वाक्यात उघडी पाडावी? घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून मोहिमेचा सराव सुरू.

सरावासाठी लोहगडवाडीचा चढ निवडला. गडाच्या पायथ्याशी सरबताची, मक्याच्या कणसांची दुकानं लागतात, तिथे केशवरावांनी मुद्दाम गाडी थांबवली. हँडब्रेक सोडला. क्लच सोडला. मग सगळंच सोडलं. गाडी आधी मागे गेली, मग थरथरली, मग आणखी मागे गेली आणि एका सरबताच्या टेबलाला पाठ लावून उभी राहिली. लिंबं उतारावरून गडगडत निघाली. दुकानवाल्या लीलाबाई पदर खोचून पुढे आल्या.

"आवो काका, गाडी म्होरं न्यायची आसंल तर तोंड म्होरं हाय न्हवं तिचं? मग बुडानं काय चाललीय?"

"सराव करतोय, मावशी. लडाखला जायचंय."

"मग लडाकलाच जाऊन करा की सराव! हितं आमच्या लिंबांवर कशापायी?"

रजनीबाई उतरल्या, लिंबं गोळा करून दिली, सगळ्यांसाठी सरबत मागवलं. मग शांतपणे चालकाच्या जागेवर बसल्या आणि गाडी अशी अलगद वर काढली की पेल्यातलं सरबतसुद्धा हललं नसतं. पंचवीस वर्षं सुहासची सात-सात माणसं कोंबून त्या हेच तर करत आल्या होत्या. हिमालयात जायचा सराव या घरात कुणाचा झाला असेल तर तो पाहुण्यांच्या कृपेने त्यांचाच झाला होता. केशवराव शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिले. "आज क्लच जरा कडक आहे," एवढंच ते म्हणाले.

पुढचा सराव पाण्याचा. तिकडे म्हणे रस्त्यावरून ओढे वाहतात आणि गाड्या त्यातूनच घालाव्या लागतात. रजनीबाईंना कळायच्या आत केशवराव एकटेच वडिवळ्याला गेले. या गावच्या अंबाजीकडून ते दरवर्षी इंद्रायणी तांदूळ घेत. धरणाच्या अलीकडे त्यांना एक उथळ, संथ, मोहिमेला अगदी साजेसं पाणी दिसलं. त्यांनी गाडी घातली. पाणी संथ होतं, कारण ते पाणी नव्हतंच. ते चिखलणी करून ठेवलेलं भाताचं खाचर होतं, आणि ते अंबाजीचंच होतं.

"आवो सायेब!" अंबाजी बांधावरून पळत आला. "तांदूळ दिवाळीनंतर मिळतोय, आत्ता कुटं आलात? आन् गाडी घिऊन लावणीला आलाय व्हय?"

"मला वाटलं ओढा आहे."

"वढा तिकडं हाय. ह्यो म्या कालच चिखोल केला. लय मऊ झालाय."

तो मऊ झाल्याचं केशवरावांना दारापर्यंत कळलं होतं. अंबाजीने ट्रॅक्टर आणला, दोर बांधला आणि गावातली झाडून सारी माणसं बांधावर जमल्यावर जोर लावला. मोठा आवाज झाला. ट्रॅक्टर पुढे गेला, बंपर त्याच्यामागे गेला. गाडी होती तिथेच होती.

"अर्धी निघाली बगा," अंबाजी समाधानाने म्हणाला.

उरलेली अर्धी संध्याकाळी निघाली. चाकांच्या वाटेने जी खोल घळ पडली तिच्यात अंबाजी उतरून उभा राहिला, गुडघ्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. हितं मासं सोडतो आता."

चाचणीच्या दिवशी केशवरावांनी कापूर हुंगला, खिशात लसूण ठेवला आणि देवाला नारळ कबूल केला. आवारात गेले तर चढाभोवती दोरी बांधलेली, मधोमध पाटी : 'दुरुस्तीसाठी चढ बंद'. साहेबांनी सगळ्यांना सपाटीवर एक फेरी मारायला लावली आणि पास करून टाकलं. "चढावर काळजी घ्या," लायसन्स देताना ते म्हणाले. म्हणजे जी गोष्ट येत नव्हती ती येते, असा सरकारी कागद केशवरावांच्या हातात पडला. घरी आल्यावर त्यांनी तो रजनीबाईंना दाखवला. "अभिनंदन," त्या म्हणाल्या, आणि पुढचं काही बोलल्या नाहीत. पण केशवरावांना ते न बोललेलं चांगलंच ऐकू आलं.

खरा घात केला तो पप्पूने. आपल्याकडे माणूस काही करून आला तर सत्कार होतोच. पण करायला निघाला की आधीच सत्कार करून टाकायचा, ही पद्धत अलीकडची. सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी केशवरावांना शाल घातली, नारळ दिला, 'आपल्या वलवणचा वाघ' वगैरे भाषण झालं, आणि पप्पूने गॅरेजसमोर भला मोठा फ्लेक्स लावला. त्यावर केशवराव निवृत्तीच्या फोटोतल्या सफारीत, डोळ्यांवर संगणकाने चढवलेला गॉगल, मागे बर्फाचे डोंगर. डोंगर लडाखचे नव्हते, कारण पायथ्याला गळ्यात घंटा बांधलेली गलेलठ्ठ विलायती गाय चरत होती. 'धाडसी चालक मा. केशवराव रिसबूड यांना लडाख मोहिमेस हार्दिक शुभेच्छा!' रजनीबाईंचं नाव कुठेच नव्हतं. कोपऱ्यात पप्पूचा मात्र फोटो होता.

"तुझं नाव राहिलं गं," केशवराव ओशाळून म्हणाले.

"राहू दे. मी जाणार आहे ना, मग झालं."

निघायचा मुहूर्त भामाआत्यांनी पंचांग पाहून काढला : शनिवार, सकाळी अकरा. आता लोणावळ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की पावसाळ्यातल्या शनिवारी अकरा वाजता इथला माणूस दूध आणायलाही बाहेर पडत नाही. पण आत्याच्या मुहूर्ताला नाही कोण म्हणणार? केशवराव तर नाहीच नाही.

अकराला गाडी फाटकाबाहेर पडली. चालकाच्या जागेवर केशवराव, शेजारी रजनीबाई, मागे सविताताई आणि तिच्या भोवती चिवडा, चकल्या, कापूर, दोन स्टेपन्या. तळेगाव, चाकण, नाशिक करत उत्तरेला जायचा बेत होता, कारण त्या बाजूला लगेच घाट लागत नाही. सवाअकराला गाडी हमरस्त्याला लागली आणि उभी राहिली. बारा वाजले तरी तिथेच उभी होती. पुण्याहून येणाऱ्या गाड्यांनी आपली बाजू भरली, मग जाणाऱ्यांचीही भरली. मागे वळून पाहिलं तर घराची गच्ची दिसत होती. गच्चीवर वाळत घातलेला केशवरावांचा टॉवेलही दिसत होता.

"टॉवेल राहिला," सविताताई म्हणाली.

तेवढ्यात दुभाजकापलीकडून हाक आली. "केशव! अरे केशव! बरं झालं भेटलास!" सुहास. गाडीत सातजण, मांडीवर आठवं. वाटून दिलेल्या वारांपैकी पहिला शनिवार त्याचाच होता. "किल्ली कुठे ठेवलीस?"

किल्ली नेहमी सविताताईकडे ठेवायची असे. सविताताई तर मागच्या सीटवर चकली खात होती! इतक्या महिन्यांच्या तयारीत ही एक गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. किल्ली केशवरावांच्या खिशात होती, लसणाबरोबर.

"थांब, देऊन येतो," केशवराव म्हणाले आणि दुभाजक ओलांडून गेले. लगेच पलीकडून वाटाघाटी ऐकू येऊ लागल्या.

"अरे, तुझं ते कुलूप आम्हाला जमत नाही. दार उचलून काहीतरी फिरवावं लागतं ना?"

"आणि गॅसचं बटण कुठलं रे?" भामाआत्यांनी काच खाली केली. "मला गरम पाणी लागतं हो लगेच."

केशवराव परत आले, खिडकीशी वाकले. "रजनी, पाच मिनिटांत दार उघडून देऊन येतो. नाहीतरी ही रांग काही हलत नाही."

"अहो, नका जाऊ," रजनीबाई म्हणाल्या. एरवी त्या असं म्हणत नसत. "किल्ली द्या आणि बसा. माझ्यासाठी."

केशवरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पलीकडे. पलीकडे ऐंशी वर्षांची आत्या गरम पाण्यासाठी हात हलवत होती. "पाचच मिनिटं गं," ते म्हणाले आणि गाड्यांच्या मधून वाट काढत घराकडे चालू लागले.

ते फाटकाशी पोचतात न पोचतात तोच पोलिसांनी जाणाऱ्यांची बाजू मोकळी केली. मागून शेकडो हॉर्न वाजले. रजनीबाई सरकून चालकाच्या जागेवर बसल्या आणि गाडी पुढे निघाली. थांबायला जागाच नव्हती, वळायला तर नव्हतीच. गच्चीवर टॉवेल आणायला चढलेल्या केशवरावांना आपली गाडी पुण्याच्या बाजूला वरसोलीच्या दिशेने लहान लहान होत जाताना दिसली.

फोन तळेगावहून आला. "मी स्टेशनजवळ थांबलेय. लोकलने या."

"आलोच!" म्हणून केशवराव निघाले. पण आत्याचं पाणी तापायचं होतं. ते तापेपर्यंत सुहासला भूक लागली. लोकल गेली, आणि दुपारी काही तास लोकलच नसतात त्या सुप्रसिद्ध खंडानंतरची पुढची यायला खूप अवकाश होता.

दुसरा फोन केशवरावांनी केला. "तू परत येतेस का? उद्या सकाळी लवकर निघू."

"अहो," रजनीबाई म्हणाल्या, "मी आत्ता मागे फिरले ना, तर संध्याकाळी माझ्या हातात झारा असेल. आणि उद्या दुसरे येतील. मी पुन्हा कधी निघणार नाही. तुम्ही नाशिकला या, मी वाट बघते. पण मागे येणार नाही." त्यांनी फोन मागे सविताताईकडे दिला. गाडी चाकणच्या रस्त्याला लागली.

केशवराव नाशिकला जाणार होते. पण रविवारी भाचा आला. मग इंदूरला गाठणार होते, तर सोमवारी आजीच्या मावसबहिणीचा नातू सहकुटुंब आला. मग दिल्लीला विमानाने जायचं ठरलं, तेव्हा गॅस संपला. जो येई तो "अरे, तू घरीच? उत्तम झालं!" म्हणे आणि स्वयंपाकघराकडे नाक वर करी. खरं सांगायचं तर केशवरावांना मनातून थोडं हायसंही वाटत होतं. चढ टळले होते. पण रात्री अंथरुणावर पडलं की "माझ्यासाठी" हा शब्द आठवे आणि ते लाजेने कूस बदलत.

त्यात फ्लेक्स! धाडसी चालक अख्ख्या गावाला नाक्यावर गॉगल लावून दिसत होता. असा माणूस कोथिंबीर आणायला बाहेर कसा पडणार? केशवराव घरातच कोंडून राहिले. पडद्याआडून बघत, बेल वाजली की न्हाणीघरात शिरत. एकदा अंबाजी बंपर द्यायला आला तो थेट मागच्या दाराने. समोर केशवराव, नाकाला बेसन.

"जाऊन बी आलात?" अंबाजीने तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल. गेलोच नाही. कुणाला सांगू नकोस."

"छ्या, म्या कशाला सांगतोय!" अंबाजी म्हणाला. त्याने 'गेलोच नाही' हे कुणालाही सांगितलं नाही. रिसबूडसायेब आठ दिसांत लडाक करून आलं आन् लगी स्वयंपाकाला लागलं, एवढंच साऱ्या वडिवळ्याला सांगितलं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुहास पुन्हा हजर झाला. वार दुसऱ्या कुणाचा होता, पण तो म्हणाला, जागा करून घेऊ. केशवराव कांदा चिरत होते. बोटं आता सराईत झाली होती, घाणा जळत नव्हता. फोन वाजला.

"अहो, ऐकू येतंय का? सविताच्या फोनवरून बोलतेय. काल खिंडीत पोचलो!"

"पोचलीस? आणि चढ?"

"काही नाही हो. सुहासभावजींच्या माणसांना टायगर पॉइंटला चढवते तेव्हा जास्त दम लागतो गाडीला. वर गेलो तर सगळं धुकं, आणि पुढे गाड्यांची रांग. थेट आपलं वलवण! मी आणि सविता इतक्या हसलो. मग धुकं सरलं." त्या थांबल्या. "काय सांगू तुम्हाला. पताका होत्या."

केशवरावांनी सुरी खाली ठेवली.

"आज एका घरी उतरलोय. त्या घरच्या बाईने चहा आणून दिला. खारट असतो हो, लोणी घातलेला. प्यायले, सवयीने कप उचलला आणि विसळायला आत निघाले. तर तिने कप काढून घेतला, मला हाताला धरून खाली बसवलं. मला रडूच आलं, अहो. तिला वाटलं चहा आवडला नाही. मग बसले. अजून बसूनच आहे."

केशवरावांचे डोळे भरून आले. कांदा होता, पण कांद्याचं पाणी आता त्यांना चांगलं ओळखू येत होतं. हे ते नव्हतं. पंचवीस वर्षांत आपण हिला एकदाही बस म्हटलं नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"उठू नकोस," ते कसेबसे म्हणाले. "बसून राहा. हवी तितकी राहा."

"आणि हो, त्या घरातल्या सगळ्यांना मी हिवाळ्यात आपल्याकडे बोलावलंय. नऊ जण आहेत. चालेल ना?"

"येऊ देत. कांदा मी चिरीन."

फोन ठेवला तोच बाहेरून सुहास ओरडला, "केशव, दुसरा घाणा कुठे अडकला रे? आणि एक कागद आण, परतीच्या रस्त्याचं नियोजन करून देतो वहिनींना."

केशवराव बाहेर आले. त्यांनी झारा सुहासच्या हातात दिला.

"हे काय?"

"तेल तापलंय. तळ."

"अरे, मला कुठे येतं?"

"मलाही येत नव्हतं," केशवराव म्हणाले. "कप ज्याचे त्याने विसळा. आत्या, तुम्ही सोडून."

आणि कांदे संपले होते म्हणून त्यांनी पिशवी घेतली, पुढचं दार सताड उघडलं आणि भर दुपारी नाक्यावर गेले. गॅरेजसमोर पप्पू कुणाच्या तरी गाडीखालून बाहेर येत होता. त्याने केशवरावांना पाहिलं, वर फ्लेक्सवरच्या केशवरावांना पाहिलं, आणि हातातला पाना खाली पडला.

"काका! तुम्ही लडाखला ना?"

"मी नाही. माझी बायको गेलीय. स्वतः गाडी चालवत. काल खिंड ओलांडली तिने." हे बोलताना केशवरावांना वाटलं होतं की जीभ अडखळेल. ती मुळीच अडखळली नाही. उलट आवाज जरा मोठाच निघाला, रस्त्यापलीकडच्या दोन माणसांनी वळून पाहिलं.

"आणि हे बघ, पप्पू," कांदेवाल्याकडे वळता वळता ते म्हणाले, "फ्लेक्सवर फोटो चुकलाय. तिचा पाठवतो, तो लाव."